मोटारीचा वायुमापक : दोष कोठें शोधावा?

शेतमाल बाजारास नेण्याकरितां मोटार बाळगणारे शेतकरी बंधु आतां गांवोगांवीं आढळतात. ती झटके देऊं लागली, चढावर ओढीनाशी झाली व समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, म्हणजे मिस्त्री यंत्र लावून पाहतो आणि ‘एअर फ्लो सेन्सर गेला’ असा निकाल देतो. नवा भाग घेण्यास बराच पैसा पडतो. तो खर्चण्यापूर्वीं या वायुमापकाचें कार्य वाचकांनीं समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

एअर फिल्टर व इंजिन यांमधील नळींत हा भाग असतो. पुष्कळ मोटारींत त्यांत एक सूक्ष्म तार विजेनें तापती ठेविलेली असते. आंत शिरणारी हवा तिला थंड करिते. तिची उष्णता राखण्यास वीज जितकी अधिक लागेल, तितकी हवा अधिक, हा हिशेब. पेट्रोलच्या इंजिनांत १ भाग इंधनास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. त्या मानानें संगणक इंधन सोडतो. तारेवर धुळीचें किंवा तेलाचें पुट चढलें, तर हवा कमी मोजली जाते व इंधन अपुरें पडतें.

परंतु पी ०१०१ या संकेताचा अर्थ, मोजलेली हवा अपेक्षेशीं जुळत नाहीं, एवढाच आहे. वायुमापकाच्या पुढें रबरी नळीस चीर असेल, तर तेथून शिरलेली हवा मोजलीच जात नाहीं. खळ्यावरील धान्य वहींत न नोंदतां कणगींत पडावें, तशांतला हा प्रकार; त्यांत मापाऱ्याचा दोष नाहीं.

म्हणून प्रथम फिल्टर पाहावा; नंतर नळीच्या चिरा, सैल पट्टे व विजेचा जोड तपासावा. मग इंजिन बंद व थंड असतां वायुमापक काढून, त्याच कामासाठीं मिळणारा फवारा मारावा व तो पूर्ण वाळूं द्यावा. तारेस बोट किंवा फडकें लावूं नये. दाबाची हवाही मारूं नये. फिल्टर काढून मोटार हांकणें तर सर्वथा वर्ज्य. सुगीची धूळ थेट तारेवर व सिलिंडरांत जाते.

इतकें करून, संकेत पुसल्यावरही तो पुन्हां उमटला, तर वायुमापकाचें माप मिस्त्रीकडून तपासून घ्यावें, आणि तें चुकीचें ठरल्यासच नवा भाग घ्यावा.