पंपाची मोटार आणि डाख

मागच्या हिवाळ्यात आमच्या तुरीवर अळी पडली. आप्पांनी फवारणी सुरू केली आणि तासाभरात पाठीवरचा बॅटरीचा पंप बंद पडला. उघडून पाहिले तर मोटारीच्या पत्रीवरून लाल तार निसटली होती. आप्पांनी ती पिळून पुन्हा बसवली. पंप थोडा वेळ चालला, मग जळका वास आला आणि परत बंद. आप्पा म्हणाले, "मोटारच गेली वाटतं. नवी आणायला आत्ता पैसे कुठनं आणू? तोवर अळी शेंगा खाऊन टाकंल."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पंप साबणाने स्वच्छ धुऊन आम्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. काकांनी मोटारीला वेगळ्या तारा लावल्या. मोटार भुर्रकन फिरली! काका म्हणाले, "मोटार चांगली आहे. जोड कच्चा आहे."

पिळलेली तार पत्रीला एक-दोन ठिकाणीच टेकते. सगळी वीज तेवढ्याच जागेतून जाते, म्हणून ती जागा तापते, काळी पडते आणि मग वीज जाईनाशी होते. यावर उपाय म्हणजे डाख देणे. काका त्याला सोल्डरिंग म्हणतात. डाख म्हणजे वितळणाऱ्या धातूने दोन धातू जोडणे.

काकांच्या डाखाच्या तारेत ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे होते. नुसते कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि नुसते शिसे ३२७ अंशांना. पण हे मिश्रण १९० अंशांच्या आसपासच वितळते. आहे की नाही गंमत?

काकांनी असे केले:

१. आधी बॅटरी काढून ठेवली. लाल तार कोणत्या पत्रीची, त्याची खूण केली.

२. तारेचे टोक आणि पत्री चमकेपर्यंत खरवडली. मळक्या धातूला डाख धरत नाही.

३. त्यावर थोडी राळ लावली. राळ पाइनच्या झाडाच्या चिकापासून मिळते. ती तापली की धातूवरचा उरलेला मळ काढते. आजी सांगते, कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकायचा, तोही त्याचसाठी. पण तारांना नवसागर लावू नये, मागाहून तारा गंजतात.

४. तार पत्रीच्या भोकात ओवून वळवली. मग तापलेली डाखणी दोन्हींना मिळून टेकवली आणि दुसऱ्या बाजूने डाख लावला. डाख पाण्यासारखा पसरला.

५. डाखणी काढली आणि जोड निवेपर्यंत तार हलू दिली नाही.

काकांनी मला एका जुन्या तारेवर करून बघायला दिले. मी डाखणीवर डाख वितळवून थेंब तारेवर सोडला. त्याची गोळी झाली आणि टपकन खाली पडली. काका हसले. म्हणाले, "डाख नको तापवू, तार तापव. तारेनंच डाख वितळवला पाहिजे." मी तसे केले आणि डाख तारेच्या पेडांत शिरला! तार थंड असली तर डाख वर नुसता बसतो, आत धरत नाही. असा जोड दिसतो पक्का, पण ओढला की सुटतो.

मित्रांनो, ही काळजी घ्या. डाखणीचे टोक ३०० अंशांहून जास्त तापते, म्हणून मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हात लावू नका. धूर तोंडावर घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. शिसे विषारी आहे, काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. खेळण्यातल्या मोटारीला तारा डाखता येतात, पण सेलला कधीच डाख देऊ नका. सेल तापून फुटू शकतो. सेलसाठी डबी मिळते, तिच्या तारांना डाख द्यावा.

संध्याकाळी काकांनी फक्त वीस रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी राहिलेली फवारणी केली. मी बांधावर उभा राहून पंपाचा आवाज ऐकत होतो. मध्ये एकदाही बंद पडला नाही.

आता काही बंद पडले की आप्पा आधी म्हणतात, "जोड बघ रे."

– इयत्ता चौथी