ट्रायपॉड हलका हवा, पण त्याआधी आखूड हवा

बेंगळुरूत यशवंतपूरला राहणाऱ्या मराठी माणसाला तुमकुरू रस्ता गावाकडे जायचा रस्ता म्हणून ठाऊक असतो. राष्ट्रीय महामार्ग 48 पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला येतो. रविवारी पहाटे मात्र याच रस्त्यावर हेल्मेट घातलेल्यांची रांग लागते. पीन्या, नेलमंगला मागे टाकून दाबसपेटवरून शिवगंगेचा डोंगर गाठायचा, किंवा उलट्या दिशेला हेब्बाळवरून 1,478 मीटर उंचीची नंदी टेकडी. बहुतेकांच्या पाठीवर कॅमेरा असतो. ट्रायपॉड कोणता घ्यावा, हा प्रश्न त्यातल्या बऱ्याच जणांना पडतो आणि दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: हलका घ्या.

हे उत्तर डोंगर चढणाऱ्यासाठी बरोबर आहे, दुचाकीवाल्यासाठी अर्धवट. दीड-पावणेदोनशे किलोच्या मोटरसायकलला एक किलो जास्त झाला तर कळतही नाही. तिला अडचण होते ती लांबीची. मिटल्यावर चाळीस सेंटिमीटरच्या आत येणारा ट्रायपॉड बहुतेक सॅडल बॅगांत आडवा बसतो. साठ सेंटिमीटरचा बाहेर डोकावतो. मग तो सीटवर आडवा बांधला जातो आणि दोन्ही बाजूंनी निघालेली त्याची टोकं गोरगुंटेपाळ्याच्या गर्दीत शेजारच्या रिक्षाला लागतात. त्याहून वाईट म्हणजे तो सॅकमध्ये उभा, पाठीच्या कण्याला लागून ठेवणं. गाडी घसरून माणूस पाठीवर पडला, तर ती धातूची नळी नेमकी कण्यावर येते. ट्रायपॉड गाडीवर राहू द्या, अंगावर नको.

त्याआधी मुळात तो लागतो का, हेही तपासावं. हातात कॅमेरा धरून काढायच्या फोटोचा जुना हिशेब असा: लेन्स 50 मिलिमीटरची असेल तर शटर 1/50 सेकंदापेक्षा मंद नको. आताच्या कॅमेऱ्यांतली हादरा शोषणारी यंत्रणा चार-पाच स्टॉपची सूट देते; दर स्टॉपला शटरची वेळ दुप्पट. म्हणजे 24 मिलिमीटरच्या लेन्सने, हात स्थिर असेल तर, अर्ध्या सेकंदापर्यंतचा फोटो हातातून निघू शकतो, निदान कागदावर तरी. नंदीवरच्या सूर्योदयाला एवढं पुरतं. ट्रायपॉड खरोखर लागतो तो तारे, रात्रीच्या वाहनांच्या प्रकाशरेषा, व्हिडिओ आणि गाडीला टेकून उभ्या असलेल्या स्वतःच्या फोटोसाठी. खरं सांगायचं तर दहातल्या नऊ जणांना शेवटचंच कारण लागू पडतं, आणि त्यासाठी महागडं काही घ्यायची गरज नाही.

कार्बन फायबरचा मोह इथेच आवरावा. ‘पीक डिझाइन’चा ट्रॅव्हल ट्रायपॉड दोन्ही प्रकारांत येतो. ॲल्युमिनियमचा 1.56 किलो, कार्बनचा 1.27. फरक तीनशे ग्रॅमचाही नाही, किंमत मात्र दीडपटीहून अधिक. शिवगंगेच्या पायऱ्या तो खांद्यावर घेऊन चढणार असाल, किंवा तुमची ‘बाइक’ पायडलवाली असेल, तर हे तीनशे ग्रॅम मोजा. एरवी ते पैसे पेट्रोलला ठेवा. शिवाय आखूडपणाचीही किंमत असते. पायाचे भाग जितके जास्त, तितका शेवटचा भाग बारीक आणि वाऱ्यात थरथरणारा. तो शेवटचा भाग शक्यतो उघडूच नये, मधला दांडा वर खेचू नये, आणि वारा असेल तर खालच्या हुकाला सॅक अशी अडकवावी की ती जमिनीला किंचित टेकेल. लोंबकळणारी सॅक उलट ट्रायपॉडलाच हलवते.

वाकड्या-तिकड्या वळणाऱ्या पायांचा ‘गोरिलापॉड’ रायडर मंडळींचा लाडका. त्याच्या 1के, 3के, 5के या नावांतच किती किलो पेलतो ते लिहिलेलं आहे. फांदीला, कठड्याला, गाडीच्या क्रॅश गार्डला तो विळखा घालतो. फक्त गार्डला लावताना इंजिन बंद हवं. चालत्या गाडीच्या हँडलवर फोन लावणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. मोठ्या ताकदीच्या मोटरसायकल इंजिनांच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच 2021 मध्ये दिला होता. स्कूटर-मोपेडवर लावायचाच असेल तर कंपनं शोषणारा होल्डर वापरा, असंही त्यात म्हटलं होतं.

सगळ्यात स्वस्त आधार घरीच बनतो. जाड कापडाची एक पिशवी शिवायची, रिकामी न्यायची आणि मुक्कामाच्या गावात किलोभर मूग घेऊन भरायची. सीटवर, मैलाच्या दगडावर कॅमेरा तिच्यात घट्ट बसतो. दुसरा उपाय दोरीचा: कॅमेऱ्याखालच्या भोकात बोल्ट, बोल्टला दोरी, दोरीचं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. बोल्ट मागताना मात्र सावध राहा. कॅमेऱ्याचे आटे पाव इंची, इंचाला 20 असतात, म्हणजे दोन सूत बोल्ट. दुकानदार पटकन सहा मिलिमीटरचा काढून देतो. तो थोडा आत जातो, पण त्याचे आटे वेगळे. जोर लावलात तर कॅमेऱ्याचे आटे कायमचे जातात.

एक नियमही ध्यानात ठेवा. नंदीच्या पायथ्याचं भोगनंदीश्वर मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि अशा स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. तिथे कॅमेरा हातातच बरा.

फोन किंवा छोटा मिररलेस वापरणाऱ्याने आधी मुगाची पिशवी आणि वीतभर उंचीचा टेबलावरचा ट्रायपॉड घेऊन एक मोसम काढावा. तरीही मोठा हवासा वाटला, तर दुकानात जाताना सॅडल बॅग सोबत न्या. तो तिच्यात घालून चेन लावून बघा. चेन लागली नाही तर कितीही सूट असली तरी घेऊ नका.