सातबारा संगणकावर आला, पण नोंद कोण तपासणार?

गावच्या दप्तरात सातबारा उताऱ्याइतका ओळखीचा कागद दुसरा नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. पीककर्ज असो वा वारसाहक्क, या उताऱ्यावाचून शेतकऱ्याचे काम पुढे सरकत नाही. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला आणि अल्प शुल्कात तो घरबसल्या मिळू लागला. ही सोय थोडी नव्हे.

मात्र यंत्र नोंद जपते. ती खरी की खोटी, हे ते जाणत नाही. हस्तलिखितावरून उतरवताना दशांशचिन्ह सरकले, तर ०.४० हेक्टरचे ४.०० हेक्टर होतात. २०१७ साली गावोगाव संगणकीकृत सातबाराचे चावडीवाचन करण्यात आले, ते अशाच चुका उघड व्हाव्यात म्हणून. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. साहजिकच ती चुकीची ठरविण्याचा भार ज्याचे नाव गळले त्याच्यावरच पडतो! लेखनप्रमाद असल्यास कलम १५५ खाली दुरुस्ती होते. हक्काचा वाद असल्यास ते कलम कामाचे नाही. हा भेद न ओळखता केलेली ‘दुरुस्ती’ नव्या तंट्याला जन्म देते.

म्हणून कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण म्हणजे केवळ कळफलकाचा सराव नव्हे. केंद्र शासनाने २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले. तथापि चावडीतील कामाला संगणकाइतकेच कायद्याचे ज्ञान लागते. फेरफार तलाठ्याने (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) नोंदवावा, हितसंबंधितांना नोटीस द्यावी, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा, हा क्रम संगणकानेही बदललेला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीस मान्यता दिली आहे. ती स्वाक्षरी कामाच्या घाईत खाजगी मदतनीसाच्या हाती सोपविणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागला. ज्याला मोबाईल हाताळता येत नाही, त्याच्या नोंदीसाठी गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरते. फेरफाराची नोटीस फलकावर लागताच ती वाचून संबंधितांच्या कानी घालणे, हेही त्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे; कारण मुदत एकदा टळली की पुढची वाट अपिलाची असते.