अम्लरेखन आणि ऐतिहासिक पुरावा : जोसेफ पेनेल यांचे ‘द स्टॉक एक्स्चेंज’

अमेरिकन चित्रकार जोसेफ पेनेल (१८५७–१९२६) यांनी १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या वित्तीय परिसराची जी अम्लरेखने (एचिंग) केली, त्यांत ‘द स्टॉक एक्स्चेंज’ हे एक होय. जॉर्ज बी. पोस्ट यांनी रचलेली शेअर बाजाराची नवी वास्तू १९०३ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर खुली झाली होती. बाजाराचे सदस्य नसलेले दलाल त्याच रस्त्यावर उघड्यावर व्यवहार करीत. १९२१ मध्ये त्यांचा बाजार इमारतीत गेला. त्यामुळे त्या काळातील या रस्त्यावरील गर्दी केवळ पादचाऱ्यांची समजणे योग्य ठरणार नाही.

तथापि, असे चित्र पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी त्याची निर्मितिप्रक्रिया जाणून घेणे आवश्यक आहे. ताम्रपटावर मेणयुक्त लेप देऊन त्यावर सुईने रेखाटन केले जाते. उघड्या पडलेल्या रेषा आम्लाने खोदल्या जातात. नंतर त्यांत शाई भरून ओलसर कागदावर दाबयंत्राने ठसा घेतात. साहजिकच पटावरील डावी बाजू कागदावर उजवी होते. पेनेल प्रत्यक्ष स्थळी उभे राहून थेट पटावर रेखाटन करीत. म्हणून त्यांच्या अनेक चित्रांत शहर आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटे दिसते.

सारांश, अशा चित्रांतून इमारतींची उंची, रस्त्याची अरुंदता व गर्दीचे स्वरूप यांचा बोध होतो; परंतु कोणती वास्तू कोणत्या बाजूस होती, हे समकालीन नकाशा वा छायाचित्राशी पडताळूनच ठरवावे. इतिहासाच्या अध्यापनात ही दक्षता अपरिहार्य ठरते.