खुंटीचं बळ

एकसारख्या दोन फळ्या एकावर एक नुसत्या ठेवून मधोमध दाबा. दोन्ही वाकतील आणि टोकांशी एकमेकींवरून सरकतील. त्याच फळ्या चिकटवून एकजीव केल्या की चौपट ताठ होतात. पोलादी गर्डरवर काँक्रीटचा स्लॅब ओतलेल्या पुलाची सारी मदार या न सरकण्यावर असते. सरकणं अडवतो तो स्टड: गर्डरच्या माथ्यावर वेल्ड केलेला, अंगठ्याएवढा जाड, टोपीवाला खुंट. टोपीमुळे स्लॅब वर उचलला जात नाही.

या खुंटीचं बळ किती? व्यास १९ मिमी, पोलादाची ताकद ४५० मेगापास्कल. युरोपीय संहितेच्या सूत्रानं, सुरक्षा-गुणकानं भागण्याआधी, १०२ किलोन्यूटन. म्हणजे एका खुंटीवर सुमारे दहा टनांचा आडवा जोर. पण काँक्रीट २५ मेगापास्कलचंच असेल, तर हा आकडा ९२ वर येतो. तिथे पोलाद तुटण्याआधी खुंटीच्या पायाशी काँक्रीट चिरडतं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: खुंटीचं बळ जितकं तिचं स्वतःचं, तितकंच भोवतालच्या काँक्रीटचं.

हे प्रयोगातून कळलं. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात ओलगार्ड, स्लटर आणि फिशर यांनी ४८ नमुने दाबून पाहिले. मधे उभी तुळई, दोन्ही अंगांना स्टडनं जोडलेले स्लॅब, आणि तुळईवर वरून दाब. १९७१ साली छापलेल्या त्यांच्या सूत्रात स्टडच्या छेदासोबत काँक्रीटची ताकद आणि ताठपणाही आला.

स्टड थोडा वाकायलाही हवा. काही मिलिमीटर सरकून तो आपला भार शेजाऱ्यांकडे देतो. पुलावर मात्र ट्रकमागून ट्रक जातात, आणि लाखो हलक्या हिसक्यांनी वेल्डपाशी बारीक तडा जाऊ शकतो. म्हणून तिथे थकव्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आधारांजवळ सरकवणारा जोर जास्त, म्हणून तिथे खुंटही दाट.

वेल्ड होतो सेकंदभराच्या आत. वेल्डसाठी भोवती बसवलेली चिनी मातीची कडी फोडली की खुंटीच्या पायाभोवती चकाकत्या धातूची कॉलर दिसते. ती पूर्ण गोल नसेल, तर तपासनीस हातोड्यानं खुंट पंधरा अंश वाकवतो. वेल्ड टिकला तर खुंट तसाच वाकडा ठेवून त्यावर काँक्रीट ओततात.