गिअरबॉक्स बदलावा की नव्याने बांधावा?

यंत्र झिजले की ‘फेकून द्या, दुसरे आणा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते नेमके कोठे झिजले आणि का झिजले, हे सांगणारा विरळा. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळेपेक्षा कारखान्यात अधिक शिकलो. तेव्हा झिजेचा हा प्रश्न एका जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या गिअरबॉक्सवरून समजावून सांगण्याचे आम्ही योजले आहे.

ही मोटार म्हणजे ‘एम. जी. बी.’. इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती तयार झाली. १९८० साली तो कारखाना बंद पडला; पण मोटारी अजून धावतात, आणि त्यांचे गिअरबॉक्स आता झिजले आहेत.

गिअरबॉक्सच्या आत काय असते? इंजिनाकडून एक दांडा येतो, त्याच्या सरळ रेषेत चाकांकडे दुसरा दांडा जातो. या दोहोंच्या खाली एक स्थिर दांडा असून त्याच्यावर दातेरी चक्रांचा एकसंध जुडगा फिरतो. जुडगा आणि दांडा यांच्यामध्ये सुईसारखे बारीक पोलादी रूळ असतात. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा सगळा जोर या जुडग्यातून जातो. चौथ्यात मात्र वरचे दोन दांडे थेट जोडले जातात. जुडगा फिरतो, पण ओझे वाहत नाही.

रोगाची परीक्षा येथेच आहे. खालच्या गिअरांत घरघर येते आणि चौथ्यात ती थांबते, असे झाले तर खालचा दांडा झिजला असे बहुधा समजावे. मालक मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात मजेत जातो आणि गाडी ठीक आहे असे मानतो. परंतु त्या दांड्याचा कठीण केलेला थर पातळ असतो. तो एकदा उखडला की पोलादाचे कण तेलाबरोबर सर्वत्र फिरतात आणि धडधाकट बेअरिंगेही खातात. एका दांड्याचे दुखणे मग साऱ्या पेटीचे होते.

गिअर टाकताना करकर होत असेल, तर दोष बहुधा सिंक्रोच्या कड्यांचा. हे पिवळ्या धातूचे कडे चक्राच्या शंकूवर घासून दोघांची गती सारखी करते. कडे शंकूवर दाबून धरावे आणि मधली फट मोजावी. फट उरली नसेल तर कडे संपले. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोच नव्हता. चालत्या गाडीत तो घुसवल्याने त्याचे दाते तुटलेले आढळतात.

अशा वेळी दुसरा जुना गिअरबॉक्स आणून बसवणे सोपे वाटते. पण त्याच्याही पोटात काय आहे ते कोणी पाहिलेले नसते. शिवाय १९६७ नंतरचा चारही गिअरांना सिंक्रो असलेला गिअरबॉक्स आकाराने मोठा. तो आधीच्या गाडीत सरळ बसत नाही. म्हणून कवच शाबूत असेल तर आहे तोच खोलून बांधणे शहाणपणाचे. सुटे भाग आजही मिळतात.

या गाडीत इंजिन व गिअरबॉक्स एकत्रच उतरवावे लागतात. काम मोठे आहे, म्हणून ते अर्धवट करू नये. काढलेला प्रत्येक भाग क्रमाने मांडावा. खालच्या दांड्यावर नख फिरवावे; नख अडकले तर दांडा आणि सारे रूळ बदलावेत. जुन्या दांड्यावर नवे रूळ चढवणे म्हणजे खर्च करून दुखणे जपणे होय. बेअरिंगे आणि कडी नवी घालावीत. उतरलेच आहे तर क्लचही पाहून घ्यावा. शेवटी कारखान्याने सांगितलेले इंजिनाचेच तेल भरावे. डिफरन्शियलसाठीच्या काही जहाल तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पिवळ्या धातूला बाधतात.

एवढे सांगण्याचे कारण असे की, झीज प्रथम ओझे वाहणाऱ्या भागात सुरू होते, आणि तो भाग सहसा नजरेआड असतो. त्याची घरघर वेळीच ऐकली तर एका दांड्यावर आणि मूठभर रुळांवर भागते. ऐकली नाही तर पेटीच जाते, आणि मग बदलावे की बांधावे हा प्रश्नच उरत नाही.