वाघाचं वजन

सकाळी साडेनऊ. रविवार पेठेतल्या जिन्याखालच्या खोलीत मी केर काढतो, पण टाकत नाही. डब्यात साठवतो; त्यातले सोन्याचे कण धुऊन काढणारा झारेकरी तो विकत नेतो. पहिलं काम चांदीच्या मासोळ्यांचं. एका माशाचं शेपूट तुटलंय. टाकणखार, बारीकसा डाग, झालं.

साडेअकरा. एक जण सोन्यात मढवलेलं वाघनख घेऊन आला, कडी झिजलेली. मी हात लावला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ही भानगड नकोच. सोन्याचा वाघ हवा तेवढा घडवीन.

बारा. आणि सोन्याचाच वाघ आला! एका काकूंनी रुमालातून वाघमुखी कडं काढलं. दोन तोंडं समोरासमोर, मध्ये फिरकी. भिंगाखाली धरलं. मिशांच्या तीन-तीन रेघा. एका कानामागे घडवणाऱ्याची कलम निसटलेली. ती चूक त्यानं अंगावरचा पट्टा करून खपवलेली. एका डोळ्यातलं माणिक गेलेलं, आतली काळी लाख दिसतेय.

"मोडायचंय. नातींना बांगड्या करा. कितीचं भरेल, काका?"

"आत लाख आहे, काकू. हाताला लागतं तेवढं भरणार नाही. त्यापेक्षा डोळा बसवून देतो, राहू द्या."

"नाती दोन, कडं एक. कापून देऊ?"

मी गप्प.

अडीच. डबा खाताना मुलगा मोबाईलवर पॅरिसच्या कार्तिए या दागिन्यांच्या घराण्याचे बिबटे दाखवत होता. ज्वेलरी डिझाइन शिकतोय तो. १९४९ चा एक हिरेजडित बिबट्या दीडशे कॅरेटहून मोठ्या काश्मिरी नीलमावर बसलाय. विंडसरच्या डचेसचं १९५२ चं बिबट्याचं ब्रेसलेट, हिरे आणि काळ्या ऑनिक्सचे ठिपके, २०१० साली लंडनच्या लिलावात ४५ लाख पौंडांना गेलं. तोळ्याचा भाव तिथं कुणी विचारला नसणार. ते ब्रेसलेट सांध्यासांध्यात वळतं. ते मला जमलं नसतं. कानामागचा पट्टा मात्र जमला असता. कार्तिए घराणं आपलेच जुने दागिने परत विकत घेऊन संग्रहात ठेवतं. आमच्या पेठेतही जुना दागिना परत घेतात, पण मोडीत.

चार. मेणात दोन्ही तोंडांचे ठसे घेतले. कशासाठी, ते मुलानं विचारलं नाही.

पाच. काकू परत आल्या. मोड गिऱ्हाइकासमोरच करायची. उरलेली तीन माणकं काढून पुडीत बांधून दिली. कडं तापवलं तशी लाख धुरकटली, खोलीभर वास. मग तुकडे मुशीत. काकू शेवटपर्यंत बघत राहिल्या, मी नाही.

सहा. कडं ४२ ग्रॅमचं होतं, सोनं भरलं ३१.४००. पावतीवर लिहिलं : जुनं कडं, नग १.